ग्लास हे माप नव्हे

बद्धकोष्ठ हा शब्द मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. आता आमच्या जिन्यातल्या चारही मजल्यांना तो माझ्या नावापेक्षा जास्त ओळखीचा आहे. हे कसं झालं ते मीच सांगितलेलं बरं, कारण बाकीचे सांगतात त्यात पोत्याचं वजन चुकतं.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, खोटं वजन सापडलं की पंचनामा करायचा. बाहेर मला दुकानदार घाबरायचे. घरात माझ्या बायकोने कधी काही मोजलं नाही. चिमूटभर, मूठभर, थोडंसं, बेताने, ही तिची मापं. यातलं एकही माप कायद्यात बसत नाही आणि तिचं एकही माप कधी चुकलं नाही. चार महिन्यांपूर्वी ती गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण ही गोष्ट पोटाची आहे.

ती गेल्यावर मी माझ्या स्वयंपाकाची व्यवस्था लावली. सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड, रात्री बिस्किटं, मध्ये दोन कप चहा. दर रविवारी मुलीचा फोन यायचा, ती काय जेवलात म्हणून विचारायची, मी आकडा सांगायचो. ब्रेड, दोनशे ग्रॅम. एका रविवारी ती फोनऐवजी स्वतःच आली. तिने शेगडी पाहिली. शेगडी इतकी स्वच्छ होती की तिला संशय आला. मग तिने मला असा प्रश्न विचारला जो कुठल्याही मुलीने बापाला विचारू नये. मी म्हणालो, ठीक चाललंय.

"ठीक म्हणजे शेवटचं कधी?"

"मंगळवारी."

"या मंगळवारी?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला रुग्णालयाच्या आहार विभागात नेलं. तिथल्या आहारतज्ज्ञ बाई माझ्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांच्या टेबलामागे पातळ लाकडी आडोसा होता आणि आडोशामागे बाकावर बसलेली पंचवीस माणसं होती. बाईंचा आवाज मात्र उघड्या मैदानासाठी घडवलेला होता. किती वेळा होते, कशी होते, जोर करावा लागतो का, हे सगळं त्यांनी फॉर्मवर भरून घेतलं. मी शक्य तितक्या हळू सांगितलं की दैनिक नाही, साप्ताहिक म्हणा, तेही एखादा अंक चुकतो. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाकावर कुणीतरी चुकचुकलं. बाहेर पडताना एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या सहानुभूतीची मला सवय नव्हती.

घरी आल्यावर मुलीने अट घातली. पंधरा दिवसांत पोट सुरळीत झालं नाही, तर हे घर बंद करायचं आणि तिच्याकडे राहायला जायचं. ती आली तो रविवार धरून पंधराव्या दिवशी, म्हणजे रविवारीच सकाळी दहा वाजता, ती बॅग घेऊन येणार. ती माझ्यासारखीच आहे. तारखेचं बोलली म्हणजे तारीख ठरली.

मुलीचं घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, तिथे मला काही कमी पडलं नसतं. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. कारण सांगायला गेलं तर फार छोटं आहे. स्वयंपाकघरात बायकोचे डबे आहेत. प्रत्येक डब्यावर तिने कागद चिकटवून नाव लिहिलंय आणि एकाही डब्यात नावाप्रमाणे वस्तू नाही. साखर लिहिलंय तिथे मीठ आहे. मीठ लिहिलंय तिथे बटणं आहेत. चहाची पूड 'तांदूळ जुना' मध्ये आहे. कुठे काय आहे ते आता जगात फक्त मला माहीत आहे. घर बंद केलं की ते कुणालाच माहीत राहणार नाही.

तेव्हा मी कंबर कसली. आहार तक्त्यात सात ओळी होत्या. पहिल्या सहांबद्दल माझी काही तक्रार नव्हती. रोज गव्हाचा कोंडा तीस ग्रॅम, पपई दोनशे ग्रॅम, सुके अंजीर चाळीस ग्रॅम, अशा स्वच्छ नोंदी. पण सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'पाणी, आठ ते दहा ग्लास.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ग्लास हे माप नाही. ते भांडं आहे. आमच्या घरातच चार प्रकारचे ग्लास आहेत. मी मोजपात्र काढून मोजले. सगळ्यात लहान एकशे साठ मिलिलिटरचा, सगळ्यात मोठा तीनशे नव्वदचा. आठ लहान ग्लास म्हणजे एक लिटर दोनशे ऐंशी. दहा मोठे म्हणजे तीन लिटर नऊशे. एवढ्या तफावतीवर मी पूर्वी दुकानाला टाळं लावलं असतं. मी सातव्या ओळीसमोर पेन्सिलने 'प्रलंबित, खुलासा मागवावा' असं लिहिलं आणि रुग्णालयाला अर्ज केला की कृपया ग्लासची धारणक्षमता कळवावी. तोपर्यंत गोळीबरोबर घेतो तो घोट आणि दोन कप चहा यावर पाण्याचं काम हंगामी तत्त्वावर चालू ठेवलं.

आता कोंडा. वाण्याने सांगितलं की कोंडा त्याच्याकडे नसतो, पशुखाद्याच्या दुकानात मिळेल. तिथला मालक म्हणाला, सुटा देत नाही, पोतं घ्यावं लागेल. पंचवीस किलो. मी हिशेब केला, दोन वर्षं आणि वर शंभरेक दिवस. हरकत नव्हती. त्याने विचारलं, जनावरं किती. मी म्हणालो, एक. त्याने विचारलं, वय. मी म्हणालो, सहासष्ट. त्यानंतर तो माझ्याशी फार आदराने वागला.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पोतं हातात घेतल्याबरोबर मला कळलं की ते पंचवीस नाही. हाताला एकतीस वर्षांची सवय आहे. मी ते काट्यावर ठेवायला लावलं. चोवीस किलो सहाशे. मी मालकाला कायद्याचं कलम सांगितलं. तो म्हणाला, कोंडा वाळतो. मी म्हणालो, वाळला तरी कायदा वाळत नाही. चार गिऱ्हाईकं जमली. त्यातल्या एकाने विचारलं की एवढं भांडताय तर जनावर कुठलं आहे, दुभतं का. मी तिथून पोतं घेऊन निघालो. चारशे ग्रॅमचा विषय तेवढ्यापुरता सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच सोडला, आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोतं पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध फाटलं. कोंडा हलका असतो, तो एका जागी पडत नाही. तो जिन्याच्या कठड्यावर, भिंतींवर, माझ्या केसांत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईच्या बाईंच्या दारातून आत गेला. त्या गळ्यात मोजपट्टी आणि तोंडात दोन टाचण्या धरून बाहेर आल्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "काका, घोडा घेतलात का?"

मी काहीतरी मोघम सांगून वेळ मारून नेणार होतो, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे मास्तर वरून डोकावले. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झालेला नाही. त्यांनी कोंडा पाहिला, मला पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

"पोट?"

तो शब्द वरून खाली गच्चीपासून फाटकापर्यंत गेला. मी मान हलवली. नाकारून उपयोग नव्हता, पुरावा सगळ्या पायऱ्यांवर पसरला होता.

त्या दिवसापासून माझं पोट सार्वजनिक मालमत्ता झालं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, अंजीर रात्री भिजवून खायचे. मला प्रश्न पडला की चाळीस ग्रॅम हे कोरड्याचं वजन की भिजवलेल्याचं. मी दोन्ही बाजूंनी सुरक्षित राहावं म्हणून कोरडेही खाल्ले आणि भिजवलेलेही. अंजिरांचं पाणी मात्र ओतून दिलं, कारण तक्त्यात ते नव्हतं. शिलाईच्या बाई म्हणाल्या, पपई सकाळी. मास्तर म्हणाले, पपई संध्याकाळी, सकाळी कवायत. मी पपई दोन्ही वेळा खाल्ली आणि कवायतही केली. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर रोज साडेसहाला मास्तर 'गुडघे वर' म्हणायचे आणि मी वर करायचो. येणारा जाणारा थांबून चौकशी करायचा. वर्तमानपत्र टाकणारा माणूससुद्धा पेपर हातात देताना माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, की जणू त्याला बातमी माझ्याकडून अपेक्षित असावी.

बातमी नव्हती. पाचव्या दिवसापर्यंत पोट ढोलासारखं झालं. शिलाईच्या बाईंनी मोजपट्टीने घेर घेतला, सहा सेंटिमीटर वाढलेला. मी सवयीने मोजपट्टी तपासली. ती वापरून वापरून ताणली होती, मीटरला एक सेंटिमीटर फरक पडत होता. हे मी बाईंच्या भल्यासाठी सांगितलं. त्यांनी दोन दिवस अबोला धरला, आणि मला नंतर कळलं की त्या दोन दिवसांत त्यांनी नवी मोजपट्टी आणून सगळे जुने कपडे पुन्हा मोजले.

सहाव्या दिवशी रुग्णालयाचं उत्तर आलं. माझा अर्ज आवक विभागाने भांडार विभागाला पाठवला होता. भांडारपालांनी कळवलं होतं की रुग्णालयात स्टीलचे ग्लास वापरले जातात, पोचे पडलेले ग्लास वेळोवेळी बदलले जातात, तरी आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. मी दुसरा अर्ज लिहिला, जास्त सोपा. त्याचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. अर्ज विहित नमुन्यात नाही. मला राग आला नाही. मी स्वतः अशी उत्तरं शेकड्यांनी लिहिली आहेत. पण ती वाचणाऱ्याचं पोट कसं असेल याचा विचार तेव्हा कधी केला नव्हता.

बाराव्या दिवशी मी स्वतः गेलो. मुलगी यायला तीन दिवस उरले होते, आणि मी सहा ओळी अशा पाळल्या होत्या की एखाद्या निरीक्षकाने तपासल्या तर एक ग्रॅमसुद्धा कमी भरला नसता. उलट पोट पूर्वीपेक्षा वाईट होतं. पूर्वी निदान मंगळवार होता. बाकावर तशीच पंचवीस माणसं होती. मी आडोशाच्या आत जाऊन बाईंना विचारलं की सातव्या ओळीतला ग्लास कोणता.

"कोणताही, काका."

मी म्हणालो, कोणताही हे माप नाही. बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "सध्या पाणी किती पिता?"

"ते प्रलंबित आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. कोंडा, जवस, अंजीर, घेवडा, अर्ज, भांडारपाल. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा आवाज प्रथमच आडोशाच्या आतला झाला. म्हणाल्या, एवढा कोंडा कोरडा खाल्लात तर पोटात भिंत बांधली जाईल, दुसरं काय होईल. कोंडा पाणी ओढून घेतो, म्हणून तर तो द्यायचा. आणि तो पशुखाद्याचा नाही, माणसांच्या खाण्याचा आणायचा. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. पूर्वी, नेहमीच्या दिवसांत, पाणी किती प्यायचात.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

जेवायला बसलो की उजव्या हाताला पाणी असायचं. कामावरून आलो की चप्पल काढेपर्यंत समोर असायचं. पेपर वाचताना, औषध घेताना, झोपताना उशाशी. मी कधी मागितलं नाही. तहान लागायच्या आधी ते आलेलं असायचं, त्यामुळे तहान म्हणजे नक्की काय ते मला नीट माहीतच नव्हतं. चार महिने मला तहान लागत असणार. मला ती ओळखता आली नाही. मला वाटत होतं, हे असंच असतं, माणूस गेल्यावर घसा असा होतो.

बाईंना मी एवढंच म्हणालो, "घरात बघणारं माणूस होतं."

त्यांनी पुढे विचारलं नाही. सातव्या ओळीवर काट मारून 'दोन लिटर, दिवसभरात थोडं थोडं' असं लिहिलं, खाली सही केली आणि माझ्याकडे एकदा बघून वर शिक्काही मारला. बाई हुशार होत्या.

घरी येऊन मी मोजपात्र भरून ठेवलं. तेरावा दिवस, दोन लिटर. चौदावा दिवस, दोन लिटर. पोट दगडासारखं शांत. बाराव्या दिवसापर्यंतचा कोंडा बहुधा आधी आपली तहान भागवत होता. रविवारी सकाळी मास्तरांनी जिन्यातून विचारलं, मी नाही म्हणालो, आणि मास्तरांचा चेहरा निकालाच्या दिवशी नापास पोराच्या बापाचा असतो तसा झाला. शिलाईच्या बाई म्हणाल्या, काका, आम्ही पत्र लिहीत जाऊ. मी आत येऊन डबे बघत उभा राहिलो. मीठ कुठल्या डब्यात आहे ते एका कागदावर लिहून ठेवावं असं मनात आलं. लिहायला बसलो आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना मला उठावं लागलं.

पुढची पंधरा मिनिटं मी सविस्तर सांगणार नाही. बाराव्या दिवसानंतरच्या चार लिटरांनी आपलं काम केलं, एवढं पुरे.

पण दहा वाजता बेल वाजली. मुलगी वेळेची पक्की. बेल पुन्हा वाजली. मग तिने हाक मारली, बाबा. मला सगळं ऐकू येत होतं. एक हाक दिली असती तर भागलं असतं. पण मी त्या जागेवरून आयुष्यात कुणाशी बोललेलो नाही. माझे वडील बोलले नाहीत, मीही नाही. सभ्य माणसाने तिथे असताना घरात नसल्यासारखं असावं, असं मी मानतो. मी मानत राहिलो. बाहेर मुलीने दार वाजवलं, मग जोरात वाजवलं. मला वाटलं, दोन मिनिटांत मी बाहेर येईनच. मग तिचा आवाज बदलला. शिलाईच्या बाईंचा आवाज आला. मास्तरांचा आला. मास्तर म्हणाले, बाजूला व्हा सगळे. आणि मग तीस वर्षं पोरांना मोजून पाय टाकायला लावलेल्या त्या आवाजाने एक, दोन, तीन असं म्हटलं.

मी बाहेर आलो तेव्हा दार चौकटीसकट बैठकीत पडलं होतं. त्यावर मास्तर बसले होते, खांदा चोळत. भोवती सात-आठ माणसं. मुलगी भिंतीला टेकून उभी, हातात रिकामी बॅग, चेहरा पांढरा. मास्तरांनी माझ्याकडे खालून वर बघितलं आणि विचारलं, "झालं का?"

"झालं."

तळमजल्यावरच्या आजींनी हात जोडले. शिलाईच्या बाईंनी टाळी वाजवली, मग आपण टाळी वाजवली हे लक्षात येऊन पदर नीट केला. मी सगळ्यांना बसा म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

सगळे गेल्यावर मुलगी खुर्चीवर बसली. मी तिला सांगितलं की अट दहा वाजताची होती आणि काम नऊ पन्नासला सुरू झालं आहे, म्हणजे मुदतीत आहे. ती ऐकत नव्हती.

"आवाज का नाही दिलात, बाबा? मला वाटलं, तुम्हीपण गेलात."

वडिलांचं आणि सभ्यतेचं जे काही होतं ते तिच्यासमोर सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. मी म्हणालो, चुकलं. तिने रुमालाने डोळे पुसले आणि थोड्या वेळाने पडलेल्या दाराकडे बघून हसायला लागली. मग आम्ही दोघंही हसलो. चार महिन्यांत या घरात दोघांनी मिळून काही केलेलं ते पहिलंच.

चहा करताना तिने 'तांदूळ जुना' वर हात घातला, न विचारता. ती म्हणाली, आईने मला पाचवीत असताना दाखवलंय सगळं. मग तिने नवी अट घातली. घर बंद करायचं नाही. पण कुणीतरी रोज सकाळी तुमची खबर घेतली पाहिजे आणि तुम्ही आवाज दिला पाहिजे. नाही दिलात, तर बॅग घेऊन मी हजर. ती वर जाऊन मास्तरांशी बोलून आली. मास्तरांनी ही जबाबदारी लेखी मागितली नाही, पण पाठ ताठ करून घेतली.

दार बसवायला सुताराने नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत जो तो आत येऊन जात होता, आणि दार बसल्यावरही ती सवय पूर्ण गेली नाही.

मुलीने मास्तरांना 'बरे आहात का' असं विचारायला सांगितलं होतं. मास्तरांना लांबलचक वाक्यं आवडत नाहीत. ते रोज सकाळी साडेसातला चौथ्या मजल्यावरून फक्त "झालं का?" विचारतात. मी तिसऱ्यावरून उत्तर देतो. तळमजल्यापर्यंत ऐकू जातं. झालं असेल तर झालं म्हणतो, नसेल तर नाही म्हणतो, आणि नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत दारात निदान एक पपई येते.

परवा सकाळी मी कपाट आवरत होतो. मागच्या बाजूला बायकोच्या चष्म्याची डबी सापडली. आत चष्मा होता आणि काच पुसायचं फडकं, नीट घडी केलेलं. साडेसातला मास्तरांनी विचारलं. झालं होतं, म्हणून मी झालं म्हणालो. नोंद अगदी खरी होती. तरी मास्तर पायऱ्या उतरून खाली आले.

"पोट साफ झाल्याचा आवाज नव्हता हा," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.